दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं?



मागच्या वेळी मी सैन्यातल्या आठवणी सांगितल्या होत्या. आजची गोष्ट माझ्या घरातली आहे आणि तिच्यात मी काही फार शोभून दिसत नाही, हे आधीच सांगतो. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "सांगा अंकल, पण माझं नाव नको." म्हणून नाव घेणार नाही.

आम्ही तंजावरला राहायला आलो त्याला आता सहा वर्षं झाली. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, पण माझी पत्नी इथल्या मराठी घराण्यातली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापन केलं. ते 1855 पर्यंत टिकलं. राज्य गेलं, पण मराठी बोलणारी घरं राहिली. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात गेलात तर भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला दिसेल. तो 1803 चा आहे. अशा गावात निवृत्तीनंतर राहायला मिळालं, मला छान वाटलं.

मग माझा गुडघा गेला. ऑपरेशन करून नवा बसवावा लागला. अठ्ठावीस वर्षं इन्फंट्रीत काढलेला माणूस वॉकर धरून संडासापर्यंत चालू लागला. दारावर नावाच्या पाटीवर माझा हुद्दा लिहिलाय. त्या दिवसांत ती पाटी बघितली की चीड यायची. वाटायचं, हा कोण माणूस? याला आता कोण विचारतो? मी घरात सगळ्यांवर खेकसायला लागलो.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी सकाळी सात वाजता यायची. वय चोवीस. कॅथलिक. तंजावरजवळच्या एका खेड्यातली. स्कूटरवरून यायची, हेल्मेट खिडकीत ठेवायची, हात धुवायची आणि म्हणायची, "अंकल, आज नव्वद अंश." म्हणजे गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे. मी ओरडलो तरी ती मोजणं थांबवायची नाही. असे हवालदार मी पाहिलेत.

पहिल्या आठवड्यात आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला स्टीलच्या डवरा-टंबलरमधून कॉफी दिली. गप्पा मारल्या, शिक्षण विचारलं, मग गाव विचारलं. मग गावात घर कुठे, ते विचारलं. तमिळनाडूत खेड्यात कुणी "कॉलनीत" म्हणालं की ऐकणाऱ्याला जात कळते. दलित वस्तीला इथे कॉलनी म्हणतात. मुलीनं खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिची कॉफी कागदी कपातून आली. घरात कागदी कप नव्हतेच, ते दुकानातून मुद्दाम आणवले होते. माझी कॉफी टंबलरमध्ये, तिची कागदात. मी बघितलं. तिनंही बघितलं. तिनं कॉफी प्यायली, कप स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "अंकल, पाय सरळ."

मी काही बोललो नाही.

मंडळी, सैन्यात जवानांच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. एकाच लंगरातलं आम्ही सगळे जेवलो. बर्फातल्या चौकीवर एका मगमधून चार माणसांनी चहा प्यायलेला आहे, आणि त्या चौघांची जात मला आजही माहीत नाही. तोच मी स्वतःच्या घरात गप्प बसलो. मनाशी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, कशाला दुखवायचं. पण समोर चोवीस वर्षांची मुलगी दुखावली जातेय, ते चालत होतं.

असे तीन आठवडे गेले.

व्यायाम करताना ती बोलायची. पहाटे पाचला उठते. आई स्वयंपाकाला लागते तेव्हा ही जपमाळ घेऊन बसते. सगळे मणी पुरे होतातच असं नाही, कधी मध्येच धाकट्या बहिणीची वेणी घालावी लागते. दिवसभरात सहा-सात घरं आणि संध्याकाळी एक दवाखाना. बहिणीची फी हीच भरते. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसून दिवस आठवायचा, हे तिला शाळेतल्या एका सिस्टरनी शिकवलेलं. आज मला काय मिळालं? आज मी कुठे चुकले? उद्या काय करायचं? ही रीत सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांची. ते संत होण्याआधी सैनिक होते, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. मी म्हटलं, आम्ही याला डीब्रीफ म्हणतो. कामगिरीवरून परत आलं की बूट काढायच्या आधी तो करायचा.

एकदा तिनं लग्नाचं सांगितलं. मुलगा कॅथलिक, घरचे कॅथलिक. पसंती झाली होती. मग त्यांनीही कॉलनी विचारली आणि फोन बंद झाला. ती म्हणाली, "रविवारी मिस्सेला आम्ही एकाच ताटलीतला प्रसाद घेतो, अंकल. लग्नाचं निघालं की ताटल्या वेगळ्या होतात." सरकारी कागदावरही तिचा पेच आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना तो नाही. तमिळनाडूत त्यांना मागासवर्गात धरतात. तिची हिंदू राहिलेली चुलत बहीण एका यादीत, ही दुसऱ्या. कॉलनी मात्र दोघींची एकच.

दीड महिन्यानंतर तिनं मला बाहेर चालायला काढलं. शिवगंगा बागेत श्वार्ट्झ चर्च आहे. 1779 मध्ये बांधलेलं, मोठ्या देवळाच्या अगदी जवळ. तिथपर्यंत चालायचं असं ठरलं. चर्च प्रोटेस्टंटांचं, ती कॅथलिक, पण आत जायला तिला काही अडचण नव्हती. आत एक संगमरवरी शिल्प आहे. इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी केलेलं. मरणशय्येवर पडलेले मिशनरी श्वार्ट्झ आणि त्यांच्याजवळ उभे आपले सरफोजीराजे. श्वार्ट्झ हे सरफोजींचे गुरू आणि पालक. ते 1798 मध्ये वारले.

तिथल्या बाकावर बसून मी तिला क्लॅरिंडाची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण ती आपल्या मराठी बाईची आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

अठराव्या शतकात इथे, तंजावरला, एक मराठी ब्राह्मण तरुणी होती. लहान वयात विधवा झाली. तिला सती जाण्यापासून एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं वाचवलं, असं परंपरेनं सांगतात. त्याचं नाव लिटलटन. ती त्याच्याबरोबर राहू लागली आणि पुढे पाळयंकोट्टईला गेली. हे गाव तिरुनेलवेलीला लागून, तंजावरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यानं तिला इंग्रजी शिकवलं, ख्रिस्ती धर्माची ओळख करून दिली. लग्नाचं वचनही दिलं होतं. ते त्यानं पाळलं नाही. माझ्याच पेशातला माणूस, म्हणून मला हे सांगताना बरं वाटत नाही.

तिनं श्वार्ट्झकडे बाप्तिस्मा मागितला. श्वार्ट्झ नाही म्हणाले. लग्नाशिवाय ती त्या अधिकाऱ्याबरोबर राहते, तोवर बाप्तिस्मा नाही.

आता तिची अवस्था बघा. माहेर-सासर तुटलेलं. जातीनं टाकलेलं. ज्या माणसाच्या आधारानं राहिली त्यानं पत्नीचं नाव दिलं नाही. आणि ज्या देवावर विश्वास बसला त्याच्या माणसानं दार लावलं. चारही बाजूंनी एकच निरोप: तू आमच्यात बसत नाहीस.

इथवर आलो आणि त्या मुलीनं मला थांबवलं. तिनं विचारलं, "अंकल, नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं?"

मी गडबडलो. लढाया, तारखा, सनावळ्या मला पाठ असतात. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते कुठे लिहिलेलंही मी वाचलेलं नाही. पुढचं मात्र लिहिलेलं आहे, ते मी सांगितलं. लिटलटन वारले. 1778 मध्ये श्वार्ट्झ पाळयंकोट्टईला गेले, तेव्हा त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. क्लॅरिंडा हे नाव तेव्हाचं. 1780 मध्ये तिथल्या मंडळीची पहिली यादी झाली, चाळीस माणसांची. पहिलं नाव तिचं. त्या चाळिसांत वेगवेगळ्या जातींची माणसं होती. 1785 मध्ये तिथे चर्च उभं राहिलं, त्यात तिचा मोठा वाटा होता. पुढे श्वार्ट्झ यांनी तिच्या मंडळीसाठी सत्यनाथन यांना पाठवलं आणि 1790 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. तिरुनेलवेलीची प्रोटेस्टंट मंडळी आपली सुरुवात त्या चाळीस नावांपासून मोजते. चर्च आजही आहे. लोक त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल म्हणतात. पाप्पात्ती म्हणजे ब्राह्मणीण. ज्या जातीनं तिला टाकलं तिचंच नाव लोकांनी तिच्या चर्चला दिलं.

मुलगी बराच वेळ शिल्पाकडे बघत होती. मग म्हणाली, तिचं बोलणं मी मराठीत सांगतो: "दुसऱ्या दिवशी तिनं घर झाडलं असेल. पाणी भरलं असेल. प्रार्थना केली असेल, बाप्तिस्मा नसताना. देवानं नाही म्हटलं नव्हतं ना, माणसानं म्हटलं होतं. मीसुद्धा तेच करते, अंकल. तो फोन बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला उठले. रडत जपमाळ ओढली. मग तुमच्या घरी आले आणि तुमचा गुडघा पंचाण्णव अंशांत वाकवला. त्या दिवशी तो पहिल्यांदा वाकला होता. रात्री मी आठवलं, आज मला काय मिळालं? पंचाण्णव अंश."

मी विचारलं, "राग येत नाही?"

"येतो. कपाचाही येतो."

कप हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला. मी खाली बघितलं.

ती पुढे म्हणाली, "आमच्या खेड्यात चहाच्या टपरीवर आजोबांना वेगळा टंबलर असायचा. प्यायचा आणि धुऊन ठेवायचा. आता धुवावंही लागत नाही. आजोबा म्हणायचे, चहा गोड होता की नाही तेवढं बघ. मी तसं म्हणणार नाही. ते चूक आहे आणि ते मला कळतं. पण त्या कपावरून मी स्वतःला मोजत नाही. मला देवानं निर्माण केलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. ज्या दिवशी ते खरं वाटत नाही, त्या दिवशीही मी कामाला जाते. संध्याकाळपर्यंत पुन्हा थोडं खरं वाटायला लागतं."

मंडळी, हुद्द्याची पाटी बघून रडकुंडीला येणारा मी, आणि समोर ही. मला वाटत होतं माझी किंमत गेली, कारण सलाम बंद झाले. तिला कुणी सलाम कधी केलाच नव्हता.

आणखी एक सांगतो. तिच्या घरचे दरवर्षी वेळांकण्णीला पायी जातात, इथून नव्वद किलोमीटरच्या आसपास. 29 ऑगस्टला तिथे झेंडा चढतो, 8 सप्टेंबरला मरियामातेचा मोठा दिवस. भगवे कपडे घातलेले जथ्थे रस्त्यानं जाताना दिसले की मला वारीच आठवते. मुंबई-वसईकडचेही भाविक येतात. मी विचारलं, तिथे काय मागतेस? म्हणाली, "मागायचं चालताना संपतं. पोचल्यावर नुसती उभी राहते."

त्या दिवशी घरी आलो. दुसऱ्या दिवशी काय केलं, हा प्रश्न आता मलाही लागू होता. मी सकाळी सहाला वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. डिकॉक्शन काढलं, दूध तापवलं, वाईट कॉफी केली. तिला आणि मला एकाच जोडीच्या टंबलरमध्ये ओतली. उरलेले कागदी कप फेकून दिले. वडीलधाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "या घरात येणाऱ्याला याच भांड्यांतून मिळेल." आवाज चढवला नाही. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अजूनही मनातून पटलंय असं मी म्हणणार नाही, पण कागदी कप परत आले नाहीत.

मुलगी सात वाजता आली. टंबलर बघितला, माझ्याकडे बघितलं. मी माफी मागितली. वाक्य नीट जमलं नाही. तीन आठवडे उशीर झाला होता आणि उशिराची माफी तशीच निघते. ती एवढंच म्हणाली, "कॉफीत साखर विसरलात, अंकल."

आज मी शिवगंगा बागेपर्यंत काठीशिवाय जातो. पाटीवरचा हुद्दा तसाच आहे, पण तिच्याकडे बघून आता चीड येत नाही.

तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार नाही. एकच विनंती. आज स्वयंपाकघरात जाऊन बघा, कुणासाठी वेगळं ठेवलेलं एखादं भांडं तिथे आहे का. असलं, तर उद्याची सकाळ तुमच्या हातात आहे.

जय हिंद.