पंपाची भीती, सुईची सवय



जिल्ह्यातल्या डॉक्टरांचं हे संमेलन तुम्ही जालन्याच्या मस्तगडला भरवलंत, हे मला आवडलं. ही अठराव्या शतकातली, पहिल्या आसफजाहाच्या काळातली गढी. निजामाचं राज्य 1948 साली गेलं, पण दम्याच्या बाबतीत आपलं हैदराबादशी नातं अजून टिकून आहे. मृग लागायच्या सुमाराला इथून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांत धाप लागलेली माणसं हमखास भेटतात. तिथलं बथिनी गौड कुटुंब पिवळं औषध तोंडात भरलेला जिवंत मासा गिळायला देतं. 1845 पासून देत आलो आहोत, असं ते सांगतात. त्या माशाने दमा बरा होतो याचा पुरावा नाही. तरी त्या प्रवाशांना हसण्याचा अधिकार आपल्याला आहे का, याबद्दल मला शंका आहे. आपल्या दवाखान्यातून त्यांना काय मिळतं, ते आधी पाहू.

डेरीफायलिन आणि डेक्सा. एका सिरिंजमध्ये दोन्ही. वर सालब्युटामॉलच्या गोळ्या, खोकल्याचं औषध. माणूस तासाभरात मोकळा श्वास घेतो, चार दिवस बरा असतो, आणि पुन्हा येतो. कपाशी वेचून झाल्यावर पऱ्हाट्या चुलीत जाऊ लागल्या की येतो, तुरीच्या मळणीला येतो, जिनिंगमधल्या तंतूंनी आणि भट्ट्यांवरच्या धुराने येतो. दर वेळी आपण आकसलेली नळी सैल करतो. ती का आकसते, या प्रश्नाला मात्र हात लावत नाही.

उत्तर नवं नाही. विल्यम ऑस्लरने 1892 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात दम्याचा संबंध बारीक श्वासनलिकांच्या दाहाशी जोडला होता. 1922 मध्ये ह्यूबर आणि केसलर यांनी दम्याने दगावलेल्यांच्या श्वासनलिका मोजल्या, तेव्हा भिंत जाड झालेली आणि अरेखित स्नायू वाढलेला आढळला. पुढे दुर्बिणीतून जिवंत रुग्णांच्या नळीचे तुकडे काढता येऊ लागले आणि सौम्य दम्यातही तेच चित्र दिसलं. अस्तर सोललेलं, आत इओसिनोफिल पेशींची गर्दी, कफ बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या, अस्तराखालचा पडदा जाड. हेच रिमॉडेलिंग. विहिरीला आतून गिलाव्यावर गिलावा चढवत गेलं तर घेर कमी होत जातो, तसंच इथे होतं. आणि नळीचं गणित क्रूर असतं: संथ प्रवाहात त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळा पट होतो.

यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. 2011 साली ब्रिटनमधल्या एका गटाने सौम्य दम्याच्या स्वयंसेवकांना मेथाकोलीन हुंगवून नळ्या मुद्दाम आकसवल्या. त्यात ॲलर्जी नव्हती, इओसिनोफिल वाढले नव्हते. तरीही भिंतीत जाडीच्या खुणा वाढल्या, आणि आधी सालब्युटामॉल देऊन आकसणं रोखलं तेव्हा त्या वाढल्या नाहीत. म्हणजे नळी वारंवार आकसणं, एवढ्यानेही तिचं नुकसान होतं. ‘अटॅक आला की बघू’ हे धोरण त्यामुळेच मला मान्य नाही.

या दाहावरचं पंपातून हुंगायचं स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, 1972 साली ब्रिटनमध्ये वापरात आलं. अर्ध्या शतकाहून जुनं औषध आहे हे. स्टेरॉइड पेशीत शिरतं, केंद्रकापर्यंत पोचतं आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं. याला वेळ लागतो. काही दिवसांनी फरक पडतो, पूर्ण गुण यायला काही आठवडे. डेक्साची सुई आज रात्री झोप देते, म्हणून रुग्ण सुईवर विश्वास ठेवतो आणि पंपाला घाबरतो. सवय लागेल, हाडं ठिसूळ होतील, पंप म्हणजे शेवटचा इलाज, असं तो म्हणतो, आणि कधीकधी आपणही माना डोलावतो. डेक्साच्या एका कुपीत 8 मिलिग्रॅम स्टेरॉइड असतं आणि ते सगळ्या शरीरात जातं. पंपातल्या बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा एक झुरका 200 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग, तोही बहुतांशी जिथे हवा तिथेच काम करतो. जीवावर बेतलेल्या अटॅकमध्ये डेक्सा द्यायलाच हवं. पण महिन्यातून दोनदा ते देणारा डॉक्टर पंपाच्या दुष्परिणामांबद्दल बोलतो, तेव्हा मला गंमत वाटते.

दुष्परिणाम आहेत. तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. चूळ भरली की ते बरेच टळतात. अमेरिकेतल्या मोठ्या बालदमा अभ्यासात बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सुमारे 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. आईबापांना हे सांगावं, लपवू नये. त्याच अभ्यासात अटॅक कमी झाले, मात्र फुप्फुसांची वाढ काही सुधारली नाही आणि औषध थांबवल्यावर फायदाही ओसरला. जाड झालेला पडदा दीर्घ उपचाराने थोडा पातळ होतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे; पण पंप रिमॉडेलिंग पुसून टाकतो, असं मी म्हणणार नाही. तो माणूस वाचवतो. कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या नोंदींवरून 2000 साली निघालेला निष्कर्ष असा की वर्षभरात वापरलेल्या हुंगायच्या स्टेरॉइडच्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने मरण्याचं प्रमाण 21 टक्क्यांनी घटतं, आणि औषध बंद केल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत धोका वाढतो.

आता आपल्या देशाकडे पाहा. 2019 च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात, पण दम्याच्या मृत्यूंपैकी 42 टक्के भारतात. दमा इथे जागतिक सरासरीच्या तिपटीने जीवघेणा का असावा? हवा आहे, चूल आहे, गरिबी आहे. चिठ्ठीत स्टेरॉइडचा पंप नसणं हेही आहे, आणि ते एकच आजच्या आज आपल्या हातात आहे. नुसता सालब्युटामॉलचा पंप देऊ नका, असं जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे एकाच पंपातलं औषध 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा स्पेसर महाग पडतो, ही तक्रार मंठ्या-परतूरकडच्या डॉक्टरांकडून नेहमी येते. केप टाउनमध्ये 1999 साली हीदर झार यांनी 500 मिलिलिटरच्या शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून स्पेसर केला आणि लहान मुलांच्या अटॅकमध्ये तो विकतच्या इतकाच उपयोगी ठरला. बाटली जालन्यात कुठेही मिळते.

माझी विनंती एवढीच आहे. सोमवारी दवाखाना उघडाल तेव्हा धापेचा जो पहिला जुना रुग्ण येईल, त्याला सुई देण्याआधी गेल्या वर्षभरात किती सुया झाल्या ते विचारा, त्याच्या चिठ्ठीत स्टेरॉइडचा पंप लिहा आणि तो कसा ओढतो ते तुमच्यासमोर करून दाखवायला लावा. आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या मित्रांनो, पुढच्या औषध-मागणीपत्रात बुडेसोनाइड विसरू नका.