पडद्याचे थर आणि पेटंटची परीक्षा

(पांढुर्णा येथे शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. संत्री आणि कापूस पिकवणाऱ्या या मुलखात इलेक्ट्रॉनिक पडद्याच्या पेटंटविषयी भाषण कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि आपण क्षणभर आपापल्या खिशाला हात लावून पाहावे. संत्र्याचा भाव, मुलांचा अभ्यास, बँकेचा निरोप हे सारे आज ज्यावर उमटते, तो पडदा आपल्यापैकी बहुतेकांजवळ आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या कार्यालयांतील कामकाजही पडद्यावरच चालते. तेव्हा हा पडदा कसा बनतो आणि त्यातील कल्पनेवर कोणाचा हक्क आहे हे कसे ठरते, याचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे, कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे मला जे समजले ते साध्या शब्दांतच सांगावे लागेल, आणि ते आपल्या सोयीचेच होईल.

दिसायला हा पडदा म्हणजे एक काच. प्रत्यक्षात ती अनेक थरांची चळत असते. सर्वांत मागे प्रकाश देणारे दिवे. त्यांच्यापुढे तो प्रकाश सारखा पसरवणारा दुधी पापुद्रा. मग एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारा ध्रुवक. त्यापुढे सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची जाळी असलेली काच. तिच्यालगत द्रवस्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा, केसापेक्षाही कितीतरी पातळ थर. नंतर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्या असलेली दुसरी काच. पुन्हा एक ध्रुवक. आणि सर्वांत वर बोटाचा स्पर्श ओळखणारा थर व संरक्षक काच. विजेच्या दाबाने द्रवस्फटिकाचे रेणू वळतात, आणि एकेका ठिपक्यातून किती प्रकाश बाहेर पडावा ते त्यावरून ठरते. ज्या नव्या पडद्यांत ठिपके स्वतःच उजळतात, तेथेही थरांची रचना आहेच.

आता यातील प्रत्येक थर निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या माणसांनी शोधला किंवा सुधारला आहे. उद्या एखादा अर्जदार ‘मी थरांचा नवा पडदा तयार केला आहे’ असे म्हणत पेटंट कार्यालयापुढे उभा राहिला, तर परीक्षक त्याला एकच प्रश्न विचारतो: यातील तुमचा थर कोणता? माझ्या आजच्या भाषणाचे सार या एका प्रश्नात आहे.

पेटंट, ज्याला शासकीय परिभाषेत एकस्व म्हणतात, तो एक करार आहे. शोधकाने आपली युक्ती जगापुढे संपूर्ण उघड करून लिहावी; त्याच्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षेपर्यंत इतरांनी त्याच्या परवानगीवाचून तिचा व्यापारी उपयोग करू नये, असा हक्क शासन त्याला देते. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते. आपल्या देशात हा व्यवहार १९७० च्या पेटंट अधिनियमानुसार चालतो. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला आणि पुढे १९९९, २००२ व २००५ साली त्यात महत्त्वाचे बदल झाले. मध्य प्रदेशातील अर्जदारांसाठी पेटंट कार्यालय मुंबईचे आहे. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, देशातील पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या शेजारी नागपुरात आहे.

नागपूरचा आणि या पडद्याचा याहूनही जवळचा संबंध आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे भाचे डॉ. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नागपूर विद्यापीठाचे पदव्युत्तर पदवीधर. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत काम करीत असता त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. तोपर्यंत द्रवस्फटिक म्हटला की त्याचे रेणू काडीसारखे लांबट असणार, असे मानले जात असे. चंद्रशेखरांनी दाखवून दिले की तबकडीसारखे चपटे रेणूदेखील द्रवस्फटिक बनू शकतात आणि नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकांवर रचले जातात. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या फूजी फोटो फिल्म कंपनीने अशाच तबकडीच्या आकाराच्या रेणूंचा एक पातळ पापुद्रा पडद्याच्या चळतीत बसवला. त्यापूर्वी पडद्याकडे बाजूने पाहिले की चित्र फिके पडे वा त्याचे रंग उलटे दिसत. आतील थराचा हा दोष या नव्या पापुद्र्याने भरून काढला, आणि कडेला बसलेल्यालाही चित्र नीट दिसू लागले.

येथे ज्ञान आणि पेटंट यांतील भेद ध्यानात येतो. तबकडीसारखे रेणू द्रवस्फटिक बनतात, हे ज्ञान १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगाचे झाले. त्या ज्ञानाच्या आधारे विशिष्ट पापुद्रा विशिष्ट रीतीने बसवून विशिष्ट दोष घालवणे, ही पुढची युक्ती. पेटंट मिळते ते या पुढच्या पावलापुरते. मागचा सारा रस्ता सर्वांसाठी मोकळाच राहतो, आणि तो मोकळा ठेवणे हेच परीक्षकाचे मुख्य काम होय.

ही परीक्षा कशी होते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका अर्जदाराने दोन पारदर्शक पडदे थोडे अंतर ठेवून एकामागे एक बसवले आणि त्यामुळे चित्राला खरी खोली येते, असा दावा केला. अर्जाबरोबर त्याने तपशीलपत्र, आकृत्या आणि दावे दिले. साधारणतः १८ महिन्यांनी अर्ज पेटंट कार्यालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध होतो. ही पत्रिका दर शुक्रवारी निघते. अर्ज केला म्हणून परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी निराळी विनंती करावी लागते, आणि २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ती ३१ महिन्यांच्या आत करावयाची असते.

मग परीक्षक जगभरातील जुने पेटंट व लेख धुंडाळतो. त्याला एका जुन्या कागदात दोन पडदे एकामागे एक ठेवल्याचे आढळते. तो लिहितो, ‘हे नवे नाही.’ अर्जदार उत्तर देतो की दोन पडद्यांच्या जाळ्या एकमेकींवर आल्या की डोळ्यांना लाटांसारखे पट्टे दिसतात आणि ते घालवण्यासाठी मी मध्ये प्रकाश पसरवणारा एक पापुद्रा घातला आहे. परीक्षक आणखी शोधतो. असा पापुद्रा दुसऱ्या एका कागदात आढळला, तर तो विचारतो, ‘हे दोन कागद जवळ असलेल्या कोणाही जाणकाराला तुमची युक्ती सहज सुचली नसती काय?’ यालाच कल्पकतेच्या पावलाची कसोटी म्हणतात. परीक्षण अहवालाला उत्तर देण्यास ६ महिने मिळतात व विनंती केल्यास आणखी ३. अर्जदार आपला दावा आखडता घेतो. पापुद्र्याची जागा, जाडी आणि त्यामुळे साधलेला विशेष परिणाम एवढ्यापुरताच तो हक्क मागतो. प्रश्न न मिटल्यास नियंत्रकापुढे सुनावणी होते. शेवटी पेटंट मिळालेच, तर ते दोन पडद्यांच्या कल्पनेवर मिळत नाही. अर्जदाराने स्वतः घातलेल्या त्या एका थरावर मिळते.

कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही, याची यादीच आहे. ठाऊक असलेली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिला, तर तो शोध नव्हे. आपल्या घरी आजी जुन्या लुगड्यांचे थर घालून गोधडी शिवते. पाच लुगड्यांची पाच थरी गोधडी ही मायेची वस्तू खरी. पण सहावे लुगडे घातले म्हणून पेटंट मिळणार नाही. मात्र थरांची अशी जोडणी केली की एकाने दुसऱ्याचा दोष झाकावा आणि मिळून पूर्वी न झालेले काम व्हावे, तर तेथे शोधाची शक्यता निर्माण होते. त्याचप्रमाणे केवळ संगणकाचा कार्यक्रम किंवा पडद्यावर माहिती दाखवण्याची नुसती मांडणी, यांनाही पेटंट नाही. वस्तूच्या बाह्य रूपाचे, आकाराचे वा नक्षीचे संरक्षण हवे असल्यास त्यासाठी २००० सालचा डिझाइन अधिनियम निराळा आहे. त्याची मुदत १० वर्षे असून ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. ‘डिझाइन’ हा शब्द आपण दोन्ही अर्थांनी वापरतो, म्हणून हा खुलासा.

आता तारखेविषयी. पडद्याच्या इतिहासात ४ डिसेंबर १९७० ही तारीख प्रसिद्ध आहे. त्या दिवशी स्वित्झर्लंडमधील हॉफमान ला रोश कंपनीच्या मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिश या शास्त्रज्ञांच्या शोधाचा अर्ज दाखल झाला. दोन ध्रुवकांच्या मध्ये पीळ दिलेला द्रवस्फटिक ठेवण्याची ती युक्ती होती, आणि तिच्या आधारे पुढे घड्याळांचे व गणकयंत्रांचे पडदे निघाले. तीच युक्ती अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही साधली होती. त्यांचा अर्ज १९७१ सालचा. कोण आधी, यावरून वाद झाला व तो व्यवहाराने मिटवावा लागला. काही महिन्यांच्या अंतराला एवढे मोल होते.

याच संदर्भात मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण मला भेटला. शेतातील पंपाच्या पेटीवरचा पडदा भर उन्हात वाचता येत नाही, ही त्याच्या वडिलांची अडचण. त्याने पडद्यामागचा दिवा काढून तेथे दुधी पत्रा व एक झडप बसवली आणि उन्हालाच मागून आत घेतले. जितके ऊन कडक, तितका पडदा स्वच्छ. मी हरखून गेलो. त्याची छायाचित्रे, थरांची आकृती आणि सविस्तर माहिती मी मोठ्या हौसेने छापवली. पुढे त्याने पेटंटची चौकशी केली, तेव्हा जाणकारांनी त्याच्यापुढे माझाच लेख ठेवला. अर्जापूर्वी माहिती प्रसिद्ध झालेली, नावीन्य संपलेले. त्याची युक्ती परीक्षेत टिकली असती की नाही, हा प्रश्न वेगळा. परीक्षेला बसण्याचा त्याचा हक्कच माझ्या लेखणीने गेला. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. ‘साहेब, तुम्ही चांगल्यासाठीच केलं,’ एवढेच म्हणाला. प्रसिद्धीचे काम करणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसावी.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात एखाद्या मुलाने खरोखर नवे काही केले असे वाटले, तर त्याची चित्रफीत सर्वत्र पाठवण्यापूर्वी एक दिवस थांबा. शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे. ती प्रत्येक शाळेच्या वा गावच्या प्रदर्शनाला लागू होत नाही. युक्ती अपुरी असली तरी तात्पुरत्या तपशीलपत्रासह अर्ज करून तारीख मिळवता येते आणि पूर्ण तपशीलपत्र १२ महिन्यांत देता येते. स्वतःच्या नावे ऑनलाइन अर्ज करणाऱ्या व्यक्तीस ३० पाने व १० दाव्यांपर्यंत १,६०० रुपये, आणि परीक्षणाच्या साध्या विनंतीस ४,००० रुपये शुल्क आहे. अर्जदारांत महिला असल्यास जलद परीक्षणाची विनंती करता येते. भगिनींनी याचा लाभ घ्यावा. भोपाळच्या मध्य प्रदेश विज्ञान व प्रौद्योगिकी परिषदेकडे पेटंट माहिती केंद्र आहे, आणि गुजरातेतील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ग्रामीण शोधकांना अर्जाच्या कामी साहाय्य करते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जखमेवर हळद लावणे आपल्याला नवे नाही. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ मध्ये तो दावा रद्द झाला. आजीचे ज्ञान खरे होते. पण ते जिंकले लिहिलेल्या कागदामुळे. आपल्या देशातही अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणाही व्यक्तीला कायद्यातील कारणे दाखवून लेखी हरकत घेता येते. म्हणजे परीक्षक एका बाजूने शोधकाचा थर राखतो आणि दुसऱ्या बाजूने सर्वांच्या मालकीचे थर कोणा एकाच्या घशात जाऊ देत नाही.

मित्रहो, या भागातील मुले हुशार आहेत. शेतातील अडचण त्यांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. ती त्यांच्या अंगणातच असते. एखादा मुलगा वा मुलगी काही नवे घेऊन आपल्याकडे आली, तर तिचे कौतुक जरूर करा. परंतु टाळ्या वाजवण्यापूर्वी तिला जवळ बसवून विचारा, ‘बाळ, यात आधीचे काय आणि तुझे काय?’ तिला तो फरक वहीत लिहायला लावा, खाली तारीख घाला, आणि मग अर्जाची वाट दाखवा. माझ्याकडून जे राहून गेले, ते आपल्या हातून राहू नये, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.