ओढ्याचं गढूळ पाणी संगणकात कसं भरायचं?

पहिल्या जोराच्या पावसानंतर ओढ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन ओट्यावर ठेवा. बारीक वाळू बघता बघता तळाशी जाते. पोयटा चहा उकळून, पिऊन होईपर्यंत बसतो. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच ठेवते. तुरटी फिरवायची ती तिच्यासाठीच.

माझं काम हाच ग्लास संगणकात भरण्याचं. त्यात पाणी हा सलग भाग आणि गाळ हा विखुरलेला भाग. पाण्याचे नियम संगणकाला ठाऊक असतात, गाळाची ओळख आपण करून द्यायची: कणाचा व्यास, घनता, प्रमाण, पाणी त्याला कसं ओढतं. एखादा रकाना तसाच सोडला तर सॉफ्टवेअर आपल्या मनाचा आकडा धरतं, आणि तो हिवरे बाजारसारख्या गावाच्या मातीचा नसतो.

त्यातही व्यास महत्त्वाचा. स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार व्यास दहापट घटला की बसण्याचा वेग शंभरपट घटतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण संथ पाण्यात एक मीटर खाली जायला तीन तास घेतो. त्याच्या एक पंचमांश व्यासाची चिकणमाती तीन दिवसांहून जास्त. एकदा मी आळसाने एका तळ्यातल्या सगळ्या गाळाला एकच सरासरी व्यास दिला. पडद्यावर सांडव्यातून नितळ पाणी बाहेर पडलं. प्रत्यक्षात सांडव्याखाली बादली धरली, तर पाणी चहासारखं! सरासरी व्यासाचा कण त्या तळ्यात जवळजवळ नव्हताच.

प्रत्येक कण तर मोजता येत नाही. वारीत जशी दिंडी धरतात, तशी सॉफ्टवेअर हजारो सारख्या कणांची एक दिंडी करतं आणि तिची एकच वाट आखतं. वाळूची दिंडी वेगळी, पोयट्याची वेगळी, चिकणमातीची वेगळी. या दिंड्या पाण्याला उलट रेटतात का, हे प्रमाणावर ठरतं. आकारमानाने दशलक्षांशाहून कमी गाळ असेल तर पाण्याला त्याची जाणीवही नसते. त्यापुढे सहस्रांशापर्यंत, म्हणजे लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम मातीपर्यंत, कण पाण्याचा प्रवाह बदलतात. त्याहून दाट झाला की कण एकमेकांवरही आदळतात, आणि गणित कैकपट महागतं.

हिवरे बाजारच्या डोंगरावरचे सलग समतल चर मला या गणिताचे उत्तम धडे वाटतात. दोन फूट खोल चरात पाणी थांबलं की पोयटा दोन तासांत तळाला लागतो. चराईबंदीने वाढलेलं गवत तर त्याआधीच माती धरून ठेवतं. गाळाचं प्रमाण भरण्याच्या रकान्यातला आकडा तिथेच उतरतो. १९९०च्या दशकात सरपंच पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी श्रमदानातून हे उभं केलं, तेव्हा त्यांच्यापुढे संगणक नव्हता, पण पाण्याचा वेग आधी डोंगरावरच मोडायचा हे त्यांना कळलं होतं.

राहिला चरांतून सुटलेला गाळ जिथे पोचतो, त्या पाझर तलावाचा तळ. कण तळाला टेकला की काय करायचं, हेही सॉफ्टवेअर विचारतं: उसळू द्यायचा, अडकवायचा की जाऊ द्यायचा? मी ‘अडकव’ निवडतो, आणि दरवेळी मनात खटकतं. वाळू अडकली तर बिघडत नाही. चिकणमाती अडकली की तळाची छिद्रं बुजतात, पाझर मंदावतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ट्रॉली लावून गाळ शेतात न्यावा लागतो. ती ट्रॉली भरण्याचा रकाना अजून मला कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेला नाही.