ज्यांचं गावच मुंबईत आहे



गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा आपल्या सगळ्यांना पाठ आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्या घोषणेला कायद्याचं बळ आलं. मला तिचा अभिमान आहे. पण ती म्हणताना दर वेळी मी एका जागी अडते. ज्यांचं गावच मुंबईत आहे, त्यांनी काय म्हणायचं? या आदिवासी साहित्य संमेलनाची अध्यक्ष म्हणून मला आज या एकाच प्रश्नावर बोलायचं आहे.

गोरेगावच्या पूर्वेला आरेत २७ पाडे आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, नवसाचा पाडा, मोराचा पाडा. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा असे आपले लोक तिथे राहतात. पावसाळ्यात भाताची, भाजीची वाडी करतात. शेवळी, टाकळा, कुरडू, कंटोळी घेऊन आपल्या बायका पहाटे बाजारात येऊन बसतात, आणि विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं की ही भाजी लांबच्या गावाहून आली असेल. ती याच शहरात उगवलेली असते. वाघबारशीला पाड्यांवर वाघदेवाला नैवेद्य जातो, आणि बिबट्या आजही त्या वाटेने फिरतो.

आरेची गोष्ट सांगायची तर गवतापासून सुरुवात करायला हवी. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबवणारी लग्नगडीची प्रथा मोडून काढली. २३ मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरवून उठले. मग गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. गोदूताई परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ने हा लढा मराठी घराघरांत पोहोचवला. पण ते गवत कुठे जात होतं, हे आपण फारसं सांगत नाही. ते रेल्वेने मुंबईला, इथल्या गुराढोरांच्या चाऱ्यासाठी जात होतं. म्हणजे या शहराचं दूध वारल्यांच्या विळ्यावर उभं होतं. संपानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी सरकारने आरे दुग्ध वसाहत उभारायला घेतली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या जमिनीवर पाडे होते. कागदावर मात्र ती दुग्धविकास खात्याची जमीन झाली, आणि आपण आपल्याच अंगणात परवानगी मागणारे झालो.

तेव्हापासून आजपर्यंतची आपली लढाई या परवानगीची आहे. विजेचा खांब हवा, तर जमीनमालक खात्याचं ना-हरकत पत्र आणा. नळ हवा, संडास हवा, पडलेली भिंत उभी करायची, तरी पत्र आणा. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि दिव्याखाली अभ्यास करणारं पोर दहावी होऊन बाहेर पडतं. पाड्याला गाव म्हणून मोजत नाहीत, झोपडपट्टी म्हणून मोजतात. झोपडपट्टी म्हटलं की पुढचा रस्ता ठरलेला असतो : पात्रता, अपात्रता, सातव्या मजल्यावरची खोली. प्रजापूरपाड्याच्या लोकांनी २०१७ मध्ये हे सोसलं. मेट्रो-३च्या कारशेडसाठी त्यांची घरं गेली, वाड्या गेल्या, आणि त्यांच्या वाट्याला इमारतींतल्या खोल्या आल्या. खोलीत कणसरीदेवीचं धान्य कुठे पिकवायचं, हिरव्या देवाला कुठे बसवायचं, हा रकाना पुनर्वसनाच्या अर्जात नसतो.

२०१९ची ती ऑक्टोबरची रात्र तुम्ही विसरला नसाल. कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली. २९ जणांना अटक झाली, त्यांत कॉलेजची मुलं होती, आपल्या पाड्यांची मुलंही होती. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढे कारशेड कांजूरला गेली, न्यायालयात अडकली, २०२२ मध्ये सरकार बदलताच परत आरेत आली. ऑक्टोबर २०२४ पासून ती मेट्रो धावते आहे.

या लढ्यात शहरातले हजारो लोक आपल्यासोबत उभे राहिले. दर रविवारी पावसात छत्र्या घेऊन येणाऱ्या त्या मुलामुलींचं ऋण मी या व्यासपीठावरून मानते. ज्यांची लोकसंख्या मुंबईत एक टक्क्याच्या आसपास आहे, त्यांना मतांच्या हिशेबात कोणी विचारत नाही. मैत्री हेच आपलं बळ आहे. तरीही मित्रांना एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवसांत झाडांचा आकडा प्रत्येक वर्तमानपत्रात आला, ८४ झाडं की १७७ यावर पुढे सर्वोच्च न्यायालयात वाद झाला आणि मेट्रो महामंडळाला दहा लाखांचा दंडही झाला. पाडे किती, किती घरं, किती वाड्या, हे कुणी त्या बारकाईने मोजलं नाही. जंगल वाचवायचं म्हणताना ते कोणाच्या हातात राहील, हेही विचारावं लागतं. शेजारच्या नॅशनल पार्कने आपल्याला हे शिकवलं आहे. १९९५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्याच याचिकेतून अतिक्रमणं हटवण्याचा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये आदेश झाला, आणि पार्कच्याही आधीपासून राहणारे आपले लोक अतिक्रमणांच्या यादीत ओढले गेले. २०२१ मध्ये आरेतली २८६ हेक्टर जमीन राखीव वन म्हणून अधिसूचित झाली, तेव्हा अनेकांनी पेढे वाटले. मीही आनंदले. पण दुग्धविकास खात्याच्या जागी वनखातं आलं आणि पाड्याचा हक्क तसाच लटकत राहिला, तर आपल्याला फक्त नवा मालक मिळाला, एवढंच म्हणावं लागेल.

मग कायदा काय सांगतो? २००६चा वनहक्क कायदा म्हणतो की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. दाव्याची सुरुवात करायचा अधिकार ग्रामसभेला आहे. ओडिशात नियामगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. ते ‘नाही’ देशाने ऐकलं. मुंबईत ग्रामपंचायत नाही, पाचव्या अनुसूचीचं क्षेत्र नाही, म्हणून पेसा कायदाही लागू नाही. मग ग्रामसभा कोणाची? याच कायद्यात, ज्या राज्यांत पंचायती नाहीत तिथे पाडे, टोला यांसारख्या पारंपरिक ग्रामसंस्थांना ग्रामसभा मानलं आहे. आपल्या राज्यात पंचायती आहेत, आपल्या शहरात नाहीत. या फटीत आपण सापडलो आहोत. माझी मागणी साधी आहे. महापालिकेच्या हद्दीतल्या प्रत्येक पाड्याच्या सभेला, बायकांसह सगळ्या प्रौढांच्या सभेला, सरकारने या कायद्याखालची ग्रामसभा म्हणून मान्यता द्यावी. पाड्याच्या जमिनीबद्दलचा पहिला आणि शेवटचा शब्द तिचा असावा.

जगातली इतर शहरं पाहिली तर धीर येतो. सिडनीतल्या रेडफर्नमध्ये तिथल्या आदिवासींनी १९७० मध्ये स्वतःची कायदा मदत सेवा उभारली, १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना. मिनिआपोलिसमध्ये १९६८ मध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट जन्मली, ती रस्त्यावर आपल्या लोकांना पकडणाऱ्या पोलिसांवर नजर ठेवण्यातून. मोर्चा संपल्यावरही उघडं राहणारं एक दार त्यांच्याकडे होतं. आपल्याकडे मोर्चे आहेत, ते दार अजून नाही. पाड्यापाड्यांवरच्या वकील झालेल्या, नर्स झालेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते आहे.

आता साहित्याकडे. या शहरात आपलं चित्र सगळीकडे आहे. हॉटेलच्या भिंतींवर, साड्यांवर, कपांवर तारपा वाजवणारे वारली गोल फेर धरून नाचतात. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपली छाती भरून आली. पण ज्या चौकात देवी बसते, तो चौक लग्नघराच्या भिंतीवर लिहिला जातो, आणि लग्न लावते ती धवलेरी. भिंतच गेली तर काय लिहायचं? चित्र विकत घेणारं शहर चित्राची भिंत पाडतं, ही गोष्ट आपल्या लिखाणात रागाने यायला हवी. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्या सगळ्यांची आहे. आपलं दुःख दुसऱ्यांनी मंचावरून सांगायचं आणि आपण खाली बसून ऐकायचं, ही रीत मोडायची तर आपल्याला कवितेबरोबर नोंदही लिहावी लागेल.

इथे साहित्य आणि हक्क एकत्र येतात. वनहक्काचे नियम ज्येष्ठांचा लेखी जबाब पुरावा म्हणून मानतात. विहिरी, दफनभूमी, देवस्थानं यांनाही पुराव्याचं स्थान आहे. म्हणजे आजीने सांगितलेली वाट, कोणत्या खडकाशी वाघदेव आहे, कोणत्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही आटत नाही, थोरल्या आजोबाला कुठे पुरलं, हे सगळं कायद्यापुढे उभं राहू शकतं, जर कुणी ते लिहून घेतलं तर. या आठवणींची माणसं दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून या संमेलनाकडून मी ठरावांपेक्षा एक काम मागते. इथे बसलेल्या प्रत्येक लेखकाने, कवीने, शिक्षकाने एकेक पाडा घ्यावा. तिथल्या वृद्धांचे जबाब त्यांच्याच बोलीत, नाव, तारीख आणि अंगठ्यासह लिहून घ्यावेत. पाड्याच्या सभेत ते मोठ्याने वाचून दाखवावेत, चुका दुरुस्त कराव्यात, आणि दाव्याला जोडावेत. आरेतले २७ आणि नॅशनल पार्कमधले सगळे पाडे, यांतल्या एकाचीही वही रिकामी राहता कामा नये. नावनोंदणीचं टेबल मंडपाच्या उजव्या हाताला आहे. जेवायला जाण्याआधी तिथे आपलं नाव आणि पाड्याचं नाव लिहून जा. जोहार.