मुलांची नावे आणि नाव ठेवण्याचा अधिकार

(सानगडी, जि. भंडारा येथे नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मांतर आणि हक्क यांविषयी बोलण्यास बोलावलेल्या वकिलाने मुलांच्या बारशाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे माझ्याकडे येतात, तेव्हा जमीन आणि नोकरी यांच्या प्रश्नांखालोखाल ती विचारतात ते प्रश्न नावाचेच असतात. मुलाचे नाव कोणते ठेवावे? पंचांगातील अक्षर सोडले तर काही अनिष्ट होईल काय? बौद्ध नाव ठेवल्याने सवलती जातील काय? आणि तरुण आईबाप हलक्या आवाजात विचारतात तो शेवटचा प्रश्न : ज्या नावावरून आपण कोण हे कळणार नाही, असे एखादे नाव ठेवले तर बरे नव्हे काय? या चार प्रश्नांची उत्तरे मला जमतील तशी आज द्यावयाची आहेत.

प्रथम हे पाहू, की पूर्वी आपली नावे कोण ठरवीत असे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात किळस उत्पन्न करणारे असावे, असा तो नियम आहे. जन्मून बारा दिवस झालेल्या, अजून कोणाचे बरे-वाईट न केलेल्या बालकासाठी हा कायदा होता. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे दहन झाले, त्या ग्रंथात असली कलमे होती, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आपल्या पणजोबांच्या पिढीतील नावे आठवून पाहा : कचरू, उकंडी, दगडू, धोंडू, भिकू. ही सारीच नावे कोणी आपल्यावर लादली, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. मुले जगत नसत; दृष्ट लागू नये, मृत्यूलाही मूल नकोसे वाटावे, म्हणून आईबापच अशी नावे ठेवीत. ही चाल सर्व जातींत होती. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव होते, हे सर्वांस ठाऊक आहे. फरक पुढे पडे. तोच धोंडू वाड्यात ‘धोंडोपंत’ म्हणून वाढे आणि आपल्या वस्तीत म्हातारा झाला तरी ‘धोंड्या’ म्हणूनच मरे. ज्याला हाक मारावयाची, त्याच्यापेक्षा हाक मारणाऱ्याचा अधिकार मोठा होता. माणसाचे अर्धे नाव गावाने आपल्या ताब्यात ठेवले होते.

हा अधिकार परत मिळविण्यासाठी बाबासाहेबांनी किती जागरूकतेने झगडा दिला, ते पाहण्यासारखे आहे. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचे ठरले. शब्द गोड होता. पण ज्यांना तो चिकटवावयाचा, त्यांना विचारलेही नव्हते. स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला आणि बहुमताच्या बळावर तो शब्द कायम होताच बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. दुसऱ्याने दयेने दिलेले नावही त्यांनी स्वीकारले नाही.

त्यांनी स्वतः ठेवलेली नावे पाहा. १९२० साली पत्र काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. १९३० साली ‘जनता’. आणि १९५६ साली त्याच ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मुक्यांपासून प्रबुद्धांपर्यंतचा आपल्या समाजाचा प्रवास या चार नावांत वाचता येतो. मुंबईत १९४६ साली महाविद्यालय काढले तेव्हा त्याला सिद्धार्थाचे नाव दिले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे दिले. दादरच्या घराचे नाव ‘राजगृह’ ठेवले. दीक्षेचा दिवस, १४ ऑक्टोबर १९५६, उजाडण्यापूर्वीच ही नावे लोकांच्या तोंडी बसली होती. त्यानंतर विदर्भात घरोघरी सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा जन्मास येऊ लागले, ते एकाएकी नव्हे.

शिवाय ही नावे आपल्या भूमीला परकी नाहीत. आपल्या याच जिल्ह्यात पवनी येथे १९६९-७० च्या सुमारास उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपाचे अवशेष मिळाले. तेथील शिळांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांनी दान दिले, त्यांनी आपले नाव दगडावर ठेवले. आपण आज मुलाला त्या परंपरेतील नाव देतो, तेव्हा जुनाच धागा पुन्हा हाती घेतो.

येथे एखादा विचारवंत उठून म्हणेल, “नावात काय आहे? खुद्द बौद्ध वाङ्मयच तसे सांगते.” त्याचे म्हणणे निराधार नाही. जातककथांत ‘नामसिद्धी’ नावाची एक कथा आहे. तक्षशिलेच्या एका आचार्यांपाशी ‘पापक’ नावाचा शिष्य होता. आपले नाव अशुभ आहे, दुसरे द्या, असा त्याने आग्रह धरला. आचार्य म्हणाले, हिंड आणि तुला आवडेल ते शोधून आण. वाटेत त्याला एक प्रेत नेताना दिसले. मृताचे नाव ‘जीवक’. पुढे मजुरीचे पैसे आणले नाहीत म्हणून मार खाणारी एक दासी दिसली. तिचे नाव ‘धनपाली’. आणखी पुढे रस्ता चुकलेला माणूस भेटला. त्याचे नाव ‘पंथक’. पापक परत आला आणि आपलेच नाव बरे म्हणाला.

ही कथा मला मान्य आहे. नावाने आयुष्य लांबत नाही, धन मिळत नाही, रस्ता सापडत नाही. अंगुलिमालाचे मूळ नाव अहिंसक होते, असे परंपरा सांगते. त्या नावाने त्याचा हात अडला नाही आणि पुढे ‘अंगुलिमाल’ या नावाने त्याचे अर्हतपदही अडले नाही. म्हणून पंचांगातील अक्षराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जे नाव मुळातच दैव बदलू शकत नाही, त्याचे पहिले अक्षर काय बदलणार? बावीस प्रतिज्ञांतील आठव्या प्रतिज्ञेने आपण ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून न घेण्याचे वचन दिले आहे. तेच अक्षर भटजीऐवजी मोबाईलवरून काढून घेतले म्हणजे प्रतिज्ञा पाळली, असे होत नाही.

परंतु पापकाची कथा जेथे संपते, तेथे आपला प्रश्न सुरू होतो. पापक हे नाव एका मुलाचे होते; संपूर्ण समाजाला खाली ठेवण्यासाठी ते दिलेले नव्हते. नावात दैव नाही, पण नावात समाज आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत घरे जळली, माणसे मारली गेली. नावात काही नसते, तर ते एवढे महाग पडले नसते.

आता तरुण आईबापांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांची भीती काल्पनिक नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक केवळ नावाचा ठेवला. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील बोलावणे येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी आढळली. शहरात भाड्याची खोली पाहण्यास गेलेल्या आपल्या मुलांना तर अभ्यासाची गरजच नाही. “पूर्ण नाव सांगा” या तीन शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक आहे.

मग नाव लपवावे काय? बाबासाहेबांनी या मार्गाचा पूर्वीच विचार केला होता. धर्म तोच ठेवून जातीचे नाव बदलणाऱ्यांविषयी त्यांनी दाखवून दिले, की समोरचा मनुष्य पहिल्या उत्तरावर थांबत नाही. दुसरा, तिसरा प्रश्न विचारून तो मुळाशी जातोच. आडोशाचे नाव पहिल्या प्रश्नापुरतेच उपयोगी पडते आणि त्यानंतर ते धारण करणारा जन्मभर दुसऱ्या प्रश्नाची धास्ती बाळगतो. आपल्या लेकराच्या पाळण्यात ही धास्ती बांधू नका, एवढीच माझी विनंती आहे. याचा अर्थ ‘आकाश’ किंवा ‘वर्षा’ नाव ठेवणारे कुटुंब कमी प्रतीचे बौद्ध ठरते, असा मुळीच नाही. आवडले म्हणून ठेवा. भ्यालो म्हणून ठेवू नका.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. मुलगी नको होती हे आईबापांनी तिच्या नावातच लिहून ठेवले होते. आपल्या घरांत मुलाचे नाव ठेवताना ग्रंथ उघडले जातात आणि मुलीचे नाव शेजारीण सुचविते, असे होऊ नये. खेमा, उत्पलवर्णा, पटाचारा, धम्मदिन्ना, विशाखा यांची चरित्रे वाचा. काही लोक ‘आम्रपाली’ हे नाव ठेवण्यास कचरतात, कारण ती गणिका होती. पण तिने आपले आम्रवन संघाला दिले आणि पुढे ती भिक्खुणी झाली. ज्या संघाने तिला तिचे पूर्वायुष्य विचारले नाही, त्या संघाचे अनुयायी आपण आहोत.

आणि आईचे नाव? सारिपुत्त म्हणजे सारीचा पुत्र. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशा नावांनी मिरवतात. म्हणजे महाराष्ट्रात आईच्या नावाने ओळखले जाणे एके काळी राजांनाही भूषण वाटे. आता राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावयाचे आहे. हा क्रम आनंदाने पाळा.

आता वकील म्हणून कायद्याचे चार शब्द. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत द्यावी. नाव ठरले नाही म्हणून नोंद थांबवू नये. नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. म्हणून नावाचे अक्षर न् अक्षर, मराठीत आणि इंग्रजीत, तेथेच बरोबर लिहून घ्या. ‘संघमित्रा’ची इंग्रजी अक्षरे दाखल्यात एक, आधारपत्रात दुसरी आणि शाळेत तिसरी झाली, की पुढे त्या मुलीला प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्र यांच्यामागे हेलपाटे घालावे लागतात.

सवलतींविषयीची भीती सोडा. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क प्रथम हिंदूंपुरते ठेवले होते. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले. मुलाचे नाव बौद्ध आहे किंवा धर्म बौद्ध लिहिला आहे, एवढ्याने हक्क जात नाही. मात्र दीक्षेपूर्वी कुटुंब कोणत्या अनुसूचित जातीचे होते, हे जुन्या कागदांवरून सिद्ध करावे लागते आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाहिली जाते. म्हणून पेटीतील जुने दाखले लाज वाटून फाडू नका. त्या कागदावर पणजोबांचे नाव ‘कचरू’ असेच लिहिलेले असेल. ज्या नावाने गावाने त्यांना हिणविले, तेच नाव आज त्यांच्या पणतीला महाविद्यालयात प्रवेश मिळवून देते. त्यांचे नाव आपण बदलू नये. ते त्यांनी सोसले आहे.

शेवटी एक काम सांगतो, त्यास खर्च काहीच नाही. नामकरणाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर नाव का ठेवले, हे आईने किंवा वडिलांनी चार लोकांसमोर दोन वाक्यांत सांगावे. ज्या नावाचा अर्थ सांगता येत नाही, ते ठेवू नये. आणि दुसऱ्या दिवसापासून ते नाव पूर्ण उच्चारावे. गावाने आपल्याला अर्ध्या नावाने हाक मारली म्हणून आपण संतापतो. मग घरात ‘सिद्धार्थ’चा ‘सिध्या’ आणि ‘प्रज्ञा’ची ‘पज्ञी’ आपणच का करावी? ज्या मुलाला घरात पूर्ण नावाने हाक मारली जाते, ते शाळेत हजेरीच्या वेळी आणि पुढे मुलाखतीच्या खोलीत आपले पूर्ण नाव मान वर करून सांगते. समोरच्याने त्यावर दुसरा प्रश्न विचारला, तर त्याचेही उत्तर त्याच्यापाशी असते.