बंडखोर मुलाचा कायदा

धर्मग्रंथातली एखादी आज्ञा मनाला पटत नसेल, तर श्रद्धावंताने काय करावे? ज्यू धर्मपंडितांनी, म्हणजे रब्बींनी, काढलेली एक वाट आज पाहू या.

तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात एक कठोर कायदा आहे. आईवडिलांना न जुमानणाऱ्या, खादाड आणि मद्यपी मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे करावे आणि गावकऱ्यांनी दगडमार करून त्याला ठार करावे.

रब्बींनी हे वचन खोडले नाही. त्यातला शब्द न् शब्द तपासला. इ.स. 200च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या त्यांच्या कायदेसंग्रहामध्ये अटींवर अटी आल्या. मुलगा नुकता वयात आलेला हवा. त्याने खाण्यापिण्यासाठी चोरी केलेली हवी, तीही वडिलांच्याच मालाची. मांस आणि मद्य, दोन्हींचे सेवन ठरावीक मापाने झालेले हवे. आई आणि वडील दोघांचीही संमती हवी. त्यांच्यापैकी एकजण जरी अंध, मुका, बहिरा वा लंगडा असला, तरी शिक्षा टळली. रब्बी येहूदांच्या मताचा अर्थ तालमूदने, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथाने, असा लावला, की दोघांचा आवाज, रूप आणि उंचीही सारखी हवी!

पुढे तालमूद म्हणतो, असा मुलगा कधी झाला नाही, होणारही नाही; हा कायदा अभ्यासासाठी आहे. तिथेच रब्बी योनातान मात्र सांगतात, की आपण असा मुलगा पाहिला आणि त्याच्या थडग्यावर बसलोही. ही दोन्ही परस्परविरोधी मते तालमूदने जपली.

वचनाचा मान राखून माणसाचा जीव वाचवणे, हीसुद्धा धर्मनिष्ठाच आहे. ग्रंथाशी असा प्रामाणिक वाद घालायला खोल श्रद्धा लागते.