भुमका आणि भीति

३१ मे २०१६ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर वर्धा जिल्ह्यांतील पुलगांव येथें लष्कराच्या दारूगोळा भांडारास आग लागली, आणि स्फोटांच्या हादऱ्यांमुळें आसपासच्या खेड्यांतील लोकांना रात्रींच घरें सोडावीं लागलीं. अंधारांत वाट चालणाऱ्या माणसाच्या मनांत अशा वेळीं एकच प्रश्न असतो : झालें काय, आणि पुढें काय होणार? खरें उत्तर येईपर्यंत त्या प्रश्नाची जागा रिकामी असते. भुमका नेमकी तेथेंच येऊन बसते.

अडाणी लोकच अफवांवर विश्वास ठेवितात, असा आपणां सुशिक्षितांचा एक आवडता समज आहे. संशोधकांचें लक्ष मात्र अज्ञानापेक्षां भीतीकडे अधिक गेलें आहे. १९३४ सालीं बिहारांत मोठा भूकंप झाला, तेव्हां जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनीं लोकांतील भुमका टिपून ठेविल्या. जेथें धक्का बसला, पण नुकसान झालें नव्हतें, तेथेंहि याहून भयंकर संकट येणार अशा वावड्या उठल्या होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनीं पुढें याचा उलगडा असा केला कीं, भीति आधीं उत्पन्न होते आणि मग मन तिला साजेसें कारण शोधूं लागतें.

आतां भुमका खिशांतील यंत्रांतून धांवते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या संशोधकांनीं ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळांत पसरलेल्या सुमारें १,२६,००० वार्तांचा माग काढला व २०१८ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीड हजार लोकांपर्यंत पोहोंचावयास खऱ्या वार्तेला खोट्या वार्तेच्या सुमारें सहापट वेळ लागत होता. दोष स्वयंचलित खात्यांना द्यावा, तर तीं खरें व खोटें सारख्याच वेगानें पसरवीत होतीं. खोट्याला पुढें ढकलणारे हात माणसांचेच होते.

त्याच वर्षीं १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या भुमकेवरून, भिक्षेसाठीं फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें ठार मारलें. आपण मुलांचें रक्षण करीत आहों, असेंच त्यांतील कित्येकांना वाटत असावें. आणि हीच यांतील सर्वांत भयानक गोष्ट होय. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत, आलेला निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास आळा घातला. उपाय योग्यच, परंतु पांच ठिकाणेंहि थोडीं नव्हेत.

असा निरोप आपणांकडे येईल, तेव्हां पाठविणारा बहुधा कोणी आप्त किंवा स्नेहीच असेल. त्याला इतकेंच विचारावें : हें आपण स्वतः पाहिलें काय? या प्रश्नांत उद्धटपणा नाहीं. राईनपाड्यास तो वेळेवर विचारला गेला असता, तर पांच माणसें कदाचित् आपल्या घरीं परतलीं असतीं.